सावली कोणत्या महिन्यात हवी? अंगणासाठी झाड ओळखून निवडण्याची रीत

घर बांधून झालं की झाडांची यादी बहुतेक वेळा नर्सरीतच ठरते. जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला असतो, सगळी रोपं हिरवीगार दिसतात आणि ज्याचं पान देखणं ते गाडीत चढतं. ते झाड एप्रिलमध्ये कसं दिसतं, वीस वर्षांनी केवढं होतं, त्याची फळं कुठे पडतात, यातलं काहीच त्या पिशवीतल्या तीन फुटी रोपावरून कळत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की झाड नर्सरीत निवडू नका. आपल्याच गावात वाढलेली झाडं मार्च ते मे या तीन महिन्यांत बघा, ओळखा, निवड तिथेच करा आणि नर्सरीत फक्त खरेदीला जा.

पुढची पद्धत पुणे आणि घाटाच्या पूर्वेकडचं पठार डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कोकण आणि विदर्भासाठी जिथे वेगळा विचार लागतो तिथे तसं म्हटलं आहे.

आधी कागदावर ऊन मांडा

प्लॉटचा किंवा सोसायटीच्या आवाराचा नकाशा काढा. त्यावर ड्रेनेजची लाइन, चेंबर, पाण्याची टाकी, बोअर, विजेच्या तारा, कंपाऊंडची भिंत आणि शेजाऱ्याच्या खिडक्या दाखवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मी चुकीची झाडं इथेच गळून पडतात.

त्यानंतर ऊन. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणजे झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते आणि घराच्या भिंतीला तिचा उपयोग नसतो. घर तापतं ते दुपारी तीन ते सहाच्या उन्हानं, पश्चिमेकडून. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, त्यामुळे वायव्येचा कोपराही धरायला हवा. डिसेंबरच्या अखेरीस उलट परिस्थिती असते. भरदुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो आणि १० मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे ९ मीटर लांब पडते. घराच्या दक्षिणेला उंच झाड लावलं की हिवाळ्यात ओटा गारठतो आणि गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर सावली येते. मोठं झाड पश्चिमेला आणि वायव्येला, दक्षिणेला लहान झाडं, हा नियम इथूनच येतो.

जमीन खणून पाहा

दोन-तीन ठिकाणी फूट-दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर त्या जागी कडुनिंब लावू नका. कडुनिंब कोरडं सोसतो, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. अशा जागी अर्जुन किंवा जांभूळ टिकतं, कारण दोन्ही मूळची ओढ्या-नदीकाठची. मुरमाड, पाणी पटकन निघून जाणाऱ्या जमिनीत बहावा, करंज, आपटा चांगले येतात. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत पळस तग धरतो. तिथे बाकीची रोपं खड्ड्यात न लावता थोड्या उंचवट्यावर लावावीत.

कोकणात पावसाचं प्रमाण आणि खारा वारा लक्षात घेऊन उंडी, सुरंगी, बकुळ, भेंड, कोकम यांच्याकडे बघा. विदर्भाच्या उन्हात मोह आणि कुसुम जितके सुखी असतात तितकं नर्सरीतलं कोणतंही परदेशी झाड नसतं.

इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगसारख्या मजल्याच्या छतावर, लावायचं असेल तर प्रश्न मातीचा नसून वजनाचा असतो. ओल्या मातीचा एक घनमीटर पावणेदोन ते दोन टन भरतो. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय तिथे माती वाढवू नका आणि लहान झाडांवरच समाधान माना.

मार्चमध्ये फेरी मारा आणि झाडं ओळखायला शिका

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणीच करत नाही. पुण्यात असाल तर एम्प्रेस गार्डन आणि विद्यापीठाचा परिसर, मुंबईत असाल तर भायखळ्याची राणीची बाग इथून सुरुवात करा, कारण पूर्ण वाढलेली झाडं एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. नंतर आपल्याच पेठेतले, कॉलनीतले रस्ते. वीस-पंचवीस झाडं नीट ओळखता आली की निवडीला पुरेसं भांडवल झालं.

ओळख पानापासून सुरू करा. पहिला प्रश्न असा की समोर दिसतंय ते एक पान आहे की संयुक्त पानाची (एकाच देठावर अनेक छोटे भाग असलेल्या पानाची) एक पर्णिका? जिथे देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी कळी नसते. हे एकदा जमलं की कडुनिंबाची ती लांब काडी म्हणजे फांदी नसून एकच पान आहे, हे कळतं. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहा. खाली पडलेलं ताजं पान मोडून चीक येतो का ते पाहा: वड-पिंपळाच्या कुळातली सगळी झाडं, सातवीण, चाफा, फणस चीक देतात. चुरगळून वास घ्या. मग खोडाची साल, काटे आणि शेवटी झाडाखाली पडलेली फळं-शेंगा. शेंग कधी फसवत नाही. फूल पंधरा दिवस असतं, वाळलेली शेंग अनेक महिने खाली सापडते.

सर्वाधिक गोंधळ होणाऱ्या जोड्या आधी सोडवा, कारण नर्सरीत चूक तिथेच होते.

अशोक मागितला की हातात पडतो तो उंच सुळक्यासारखा वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या साध्या पानांचा खोटा अशोक. त्याची फुलं फिकट हिरवी, लक्षातही न येणारी. खऱ्या सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर येतात. दोन्ही झाडांच्या गरजा आणि आकार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

गुलमोहर, पीतमोहर आणि नीलमोहर या तिघांची पानं दुहेरी पिसांसारखी, बारीक पर्णिकांची. गुलमोहराची शेंग लाकडी, चपटी, हाताएवढी लांब. पीतमोहराच्या शेंगा लहान, तांब्याच्या रंगाच्या, आणि कळ्यांवर गंजासारखी लव. नीलमोहराची पानं समोरासमोर येतात आणि फळ चपट्या गोल डबीसारखं असतं.

पळस आणि पांगारा, दोघांनाही तीन पर्णिका. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात आणि त्याचं पान जाड, चामड्यासारखं असतं. काटेसावर आणि सातवीण लांबून सारख्या वाटतात, कारण दोघींची पानं पंजासारखी पसरलेली दिसतात. सावरीचा तो पंजा म्हणजे एका देठावरचं एकच पान. सातविणीत एकाच पेरावर गोलाकार बसलेली चार ते सात स्वतंत्र पानं, तीही चीक असलेली. पिंपळासारखं पान पण चीक नाही आणि पिवळी फुलं, तर तो भेंड. कडुनिंबाची पर्णिका तिरकी, करवती कडांची, पान एकेरी पिसासारखं. बकाण निंबाचं पान दोन-तीन वेळा विभागलेलं. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, पांढुरकं-करडं. त्याचा भाऊबंद असलेला ऐन वृक्ष मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवरून ओळखू येतो.

आपटा आणि कांचन यांच्याबद्दल थोडं विस्तारानं. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं बरंच मोठं आणि पातळ. शिवाय कांचनातही फरक आहे: रक्तकांचन फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून फुलतो, देवकांचन पावसाळा सरता सरता पानांसकट फुलतो. नर्सरीच्या पाटीवर दोघांनाही नुसतं ‘कांचन’ म्हटलेलं असतं, आणि अंगणात दोघांचा परिणाम अगदी वेगळा होतो.

पानगळीचं कॅलेंडर तयार करा

युरोप-अमेरिकेतून आलेल्या लँडस्केपच्या पुस्तकांत एक नियम ठळक असतो: पानझडी झाड लावा, हिवाळ्यात ऊन मिळेल, उन्हाळ्यात सावली. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावला तर फजिती होते. तिथली पानगळ थंडीनं होते. आपली कोरडेपणानं होते, आणि आपली कोरडी वेळ पुढे सरकत थेट उन्हाळ्यात शिरते. परिणामी आपली कित्येक पानझडी झाडं डिसेंबरमध्ये हिरवी आणि मार्च-एप्रिलमध्ये बोडकी असतात. सावली लागते तेव्हाच ती नसते.

म्हणून फेरी मारताना प्रत्येक झाडापुढे लिहा: मार्चच्या मध्यावर पानं आहेत का, एप्रिलच्या मध्यावर, मेच्या मध्यावर. हा तक्ता स्वतःच्या गावात केलेलाच खरा, कारण पाणी मिळणारं झाड आणि टेकडीवरचं झाड यांत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडतो. ढोबळ चित्र मात्र असं दिसेल.

पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण होऊनच फुलतात. ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये ती डोळ्यांचं पारणं फेडतात, पण त्यांच्याखाली बाक ठेवण्यात अर्थ नाही. शिरीष त्या दिवसांत वाळक्या शेंगा खुळखुळवत उभा असतो. गुलमोहर फेब्रुवारीपासून उघडा पडतो आणि फुलांबरोबर पानं येईपर्यंत उन्हाळ्याचा मोठा भाग सरलेला असतो. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो, पण पानं जवळजवळ नसतात. ताम्हण, आपलं राज्यफूल, त्याच सुमारास जांभळं होतं. त्याची पानं मात्र तोवर बऱ्यापैकी आलेली असतात.

आता करंज आणि कडुनिंब पाहा. दोघेही फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडा काळ पानं गाळतात आणि एप्रिलमध्ये कोवळ्या पालवीनं भरून येतात. उन्हाचा तडाखा वाढतो त्याच वेळी त्यांची सावली सर्वांत ताजी आणि दाट असते. पठारावरच्या जुन्या रस्त्यांवर, बाजारतळांवर ही दोन झाडं उगाच दिसत नाहीत. कुसुमही मार्चमध्ये लालभडक पालवी फेकतो आणि उन्हाळाभर दाट राहतो. हे झाड शहरांत आणखी कितीतरी लागायला हवं. जांभूळ, बकुळ, पुत्रंजीव, सीता अशोक, आंबा बारमाही हिरवे. वड-पिंपळांचा उघडेपणा काही दिवसांचाच.

या कॅलेंडरमधून झाडांचे दोन गट आपोआप पडतात: सावलीसाठीची आणि बघण्यासाठीची. पळस घराला टेकून नको, खिडकीतून दिसेल असा कोपऱ्यात हवा. पश्चिमेच्या भिंतीसमोर बहावा लावणं म्हणजे नेमक्या मे महिन्यात पडदा काढून घेणं.

आकार, फळं आणि धोका तपासा

बुंध्यापासून इमारतीपर्यंत मी जे अंतर धरतो ते असं: वड, पिंपळ, उंबर, नांदरूक यांना किमान १२ ते १५ मीटर, रेन ट्रीलाही तितकंच, त्याचा घेर अवाढव्य होतो. कडुनिंब, जांभूळ, कुसुम, अर्जुन यांना ५ ते ६ मीटर. करंज ४ ते ५ मीटरवर चालतो. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ ३ ते ४ मीटर. पारिजातक, कुंती, तगर दोन मीटरवरही सुखानं राहतात आणि विजेच्या तारांखाली लावायची तर हीच. ड्रेनेज लाइनजवळ वडवर्गीय काहीही नको.

पार्किंगवर जांभूळ किंवा उंबर लावला की दर हंगामात भांडणं होतात आणि शेवटी झाड तोडलं जातं. झाडाचा त्यात काहीच दोष नसतो. तेच उंबराचं झाड आवाराच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यात असेल तर तांबट, मैना, राखी धनेश यांची वर्दळ सुरू होते. सातविणीचा दिवाळीच्या सुमारासचा उग्र गंध अनेकांना सोसत नाही, बेडरूमच्या खिडकीजवळ तिला जागा देऊ नका. वावळाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असते. पिवळ्या कण्हेरीची बी विषारी असते, त्यामुळे शाळा आणि खेळण्याच्या जागा वगळा. गुलमोहर आणि पिचकारी यांचं लाकूड ठिसूळ, पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडतात. जिथे माणसं आणि गाड्या उभ्या राहतात तिथे ती नकोत.

देशी की परदेशी या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. मादागास्करचा गुलमोहर किंवा दक्षिण अमेरिकेचा रेन ट्री उभा असेल तर तो जपा, पण नवीन लागवड देशी झाडांची करा. बहाव्याच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, वडाची फळं हरियालासारखे पक्षी खातात. हे नातं नव्यानं आणलेल्या झाडाशी सहसा जुळत नाही. कोनोकार्पस हे परदेशी झाड तर अजिबात लावू नका. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सुबाभूळ बी टाकून शेजारची जमीनही व्यापतं.

मोठ्या आवारात एकाच जातीची रांग टाळा. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये शहरी झाडांसाठी एक मोजमाप सुचवलं: एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडं नसावीत. त्यामागचं कारण मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मिलीबगची कीड आली आणि ओळीनं लावलेले रेन ट्री ओळीनंच वाळले.

एक उदाहरण

पाच गुंठ्यांचा प्लॉट, जमीन मुरमाड, रस्ता पश्चिमेला, घर मधोमध. पश्चिमेच्या भिंतीपासून साडेचार-पाच मीटरवर एक करंज, म्हणजे एप्रिलपासून दुपारचं ऊन अडेल. वायव्येच्या कोपऱ्यात पुत्रंजीव किंवा बकुळ. दोन्ही सावकाश वाढतात, म्हणून ती आधी लावा. गाडी करंज आणि हे कोपऱ्यातलं झाड यांच्या मध्ये उभी राहील. दक्षिणेला पारिजातक आणि आग्नेय कोपऱ्यात देवकांचन, हिवाळ्याचं ऊन अडवणार नाहीत इतपत छाटून ठेवता येणारे. पूर्वेला, जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी घराचीच सावली पडते, तिथे सीता अशोक. त्याला ओलावा आणि थोडी सावली लागते. पेव्हर ब्लॉकच्या तापत्या अंगणात तो करपतो. बहावा फाटकापाशी, घरापासून दूर, रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल असा. एवढ्या जागेत सहा झाडं पुरतात. नर्सरीवाले वीस सुचवतील, त्यांचं ऐकू नका.

आता नर्सरी

सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत देशी रोपं स्वस्तात मिळतात, पण हव्या त्या जातीसाठी आधी चौकशी करावी लागते. रोप बघताना उंचीवर भाळू नका. लहान पिशवीत सहा-सात फूट उंच झालेलं रोप म्हणजे मुळं गोल गोल गुरफटलेली असण्याची दाट शक्यता. खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं असावं, काठी सोडल्यावर स्वतः उभं राहावं, शेंडा मोडलेला नसावा. पान, चीक, काटे तिथेच तपासा आणि पाटीवर विश्वास न ठेवता जात पक्की करा.

लागवड आणि पहिली तीन वर्षं

खड्डा एप्रिल-मेमध्येच घ्या, दोन ते तीन फूट लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. मुरमात खड्ड्याच्या भिंती पहारीनं फोडून खडबडीत करा, नाही तर मुळं त्या खड्ड्यातच घिरट्या घालतात. खणलेली माती, पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा. दोन चांगले पाऊस झाले की लागवड करा. पिशवी पूर्ण काढा, गुरफटलेली मुळं धारदार चाकूनं दोन-तीन ठिकाणी उभी चिरा. बुंधा जिथे मुळांत पसरतो ती जागा जमिनीच्या पातळीवर राहिली पाहिजे; खोल पुरलेलं रोप कुजतं. दोन बाजूंना बांबू, सैल बांध, आणि आळ्यात वाळक्या पाल्याचं आच्छादन, खोडाला न टेकवता.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी द्या. रोज तांब्याभर देण्यापेक्षा हे बरं, कारण मुळं खाली जातात. आळं दर वर्षी बाहेर सरकवा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी बंद करता आलं पाहिजे. बांबू वर्षभरानंतर काढा. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा उघडी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट तेवढ्या अंतरापर्यंत काढायला सांगितलं होतं, आणि आपल्या पेव्हर ब्लॉकनाही तोच न्याय लागू करायला हवा.

खालच्या फांद्या एकदम उतरवू नका. दर वर्षी एक-दोन, झाडाच्या एकूण उंचीच्या वरच्या दोन तृतीयांश भागात पानं राहतील अशा बेतानं काढा. काप खोडाला चिकटून घेऊ नका. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून घ्या, म्हणजे जखम आपोआप भरते. झाड मोठं झाल्यावर शहरी हद्दीत ते तोडायचं किंवा त्याच्या मोठ्या फांद्या उतरवायच्या तर १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, झाड स्वतःच्या आवारात असलं तरीही.